जादा तास हंगामी ड्रायव्हरना, आम्ही पार्ट-टाइमर वीस तासांवर. युनियनचा करार असताना हे कसं?

मिरजकर | २० नोव्हेंबर २०२५, रात्री ११:४०

मंडळी, नमस्कार. एरवी मी वाचनमात्र असतो. आज लिहितोय कारण घरात बोलून उपयोग नाही, आणि कामावर ज्यांच्याशी बोलायचं ते सगळे माझ्याच नावेत आहेत.

मी न्यू जर्सीत एडिसनला राहतो. त्याआधी मिरजेला एसटीत चालक होतो, एकोणीस वर्षं. भावाने लावलेली ग्रीन कार्डची फाइल चौदा वर्षांनी उघडली आणि आम्ही इकडे आलो. २०२१ पासून पार्सल पोचवणाऱ्या एका कंपनीत पार्ट-टाइम ड्रायव्हर आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही. फार मोठी नाही, पण युनियन आहे, छापील करार आहे, दर महिन्याला अडीच तासांचा पगार वर्गणी म्हणून कापला जातो.

करारात आम्हाला आठवड्याला वीस तासांची हमी आहे. दर २३ डॉलर. वीस तासांत इथे घर चालत नाही, हे इथल्यांना सांगायला नको. बायको ओक ट्री रोडवर एका दुकानात काम करते, त्यावर भाडं निघतं. माझी खरी कमाई नोव्हेंबर-डिसेंबरात. गेली चार वर्षं या आठ आठवड्यांत मला आठवड्याला सोळा-सोळा जादा तास मिळत आले. म्हणजे आठवड्याला ३६८, आठ आठवड्यांचे २,९४४ डॉलर. या पैशांतून गाडीचा वर्षाचा विमा आणि मुलीची मिडलसेक्स कॉलेजची जानेवारीची फी भरायची, असं आमचं ठरलेलं असतं.

यंदा ३ नोव्हेंबरपासून माझे तास वीसच्या पुढे सरकलेले नाहीत. एका आठवड्यात बावीस झाले, तेवढेच. आणि त्याच इमारतीत चौदा सीझनल ड्रायव्हर घेतलेत. हिरव्या जॅकेटमध्ये सकाळी सातला येतात, संध्याकाळी अंधार पडल्यावर जातात. चाळीस तास. त्यांना १९ डॉलर ५० सेंट मिळतात.

आमच्याकडे नोटीस बोर्डावर जादा कामाचा कागद असतो. दोऱ्याला बांधलेलं पेन, नाव लिहायचं, किती तास करू शकतो ते लिहायचं. सिनिऑरिटीने माझं नाव तिसरं. तीन आठवडे दर सोमवारी लिहितोय, विचारायला कोणी आलं नाही. स्टुअर्डला, म्हणजे कामावरच्या युनियन प्रतिनिधीला, विचारलं तर म्हणाला, कंपनीला हंगामी माणसं घ्यायची मुभा करारातच आहे, आपण काय करणार?

कलम मी चार वेळा वाचलं. अर्थ असा: १ नोव्हेंबर ते १५ जानेवारी कंपनी हंगामी कामगार घेऊ शकते, आणि जादा काम तयार असलेल्या पार्ट-टाइम कामगारांना सिनिऑरिटीप्रमाणे आधी देऊ केलं जाईल, 'कामाच्या गरजेनुसार'. हे शेवटचे दोन शब्द माझ्या घशात अडकलेत. गरज कुणाची, ठरवणार कोण?

इथे कुणी युनियनमध्ये काम केलेलं असेल तर मार्ग सांगा.

स्पष्टवक्ता | २१ नोव्हेंबर, सकाळी ६:५५

काका, वाईट वाटलं वाचून. पण खरं सांगतो, वर्गणी बंद करा. मी पेनसिल्व्हेनियात गोदामात सहा वर्षं होतो. युनियनवाले फक्त फुल-टाइम लोकांसाठी भांडायचे, कारण मतं त्यांची, मीटिंगला येणारे ते. पार्ट-टाइमर निम्म्याहून जास्त, पण प्रत्येकाची दुसरी नोकरी, कोण जाणार मीटिंगला? माझी एक तक्रार नऊ महिने फाइलमध्ये पडून राहिली आणि मी कंटाळून सोडून दिलं.

जुना_स्टुअर्ड | २१ नोव्हेंबर, सकाळी ८:२०

मिरजकर, मी शिकागोत अकरा वर्षं शॉप स्टुअर्ड होतो, आता निवृत्त आहे. तुमची कंपनी, तुमचा लोकल (युनियनची स्थानिक शाखा) मला माहीत नाही, त्यामुळे कलमाचा नेमका अर्थ मी सांगणार नाही. पण प्रश्न ओळखीचा आहे.

पहिलं म्हणजे, 'मुभा आहे' हे स्टुअर्डचं उत्तर अर्धं आहे. हंगामी माणसं घ्यायची मुभा वेगळी आणि तुम्हाला आधी विचारायचं बंधन वेगळं. एकाच कलमात दोन्ही आहेत. कंपनी पहिलं वाक्य वापरते, दुसरं वापरणं तुमच्याकडे आहे.

दुसरं, मुदत. तक्रार किती दिवसांत लेखी द्यायची ते करारात असतं. कुठे पाच दिवस, कुठे दहा, कुठे तीस. आज रात्री तेवढंच पान वाचा. मुदत गेली की कितीही खरी तक्रार असली तरी फेकून देतात. माझ्या अनुभवात बुडालेल्या तक्रारींमध्ये सगळ्यात जास्त याच कारणाने बुडाल्या.

तिसरं, पुरावा. त्या कागदाचा फोटो रोज काढा, तारखेसकट. कोणता हंगामी ड्रायव्हर किती वाजता निघाला, किती वाजता परत आला, वहीत लिहा. 'आम्हाला तास मिळत नाहीत' या वाक्यावर काही होत नाही. '१२ नोव्हेंबरला मी दुपारी चारनंतर मोकळा होतो, कागदावर नाव होतं, त्या वेळी तीन हंगामी गाड्या बाहेर होत्या' यावर होतं.

आणि स्पष्टवक्ता, तुमची तक्रार नऊ महिने पडून राहिली हे चूकच. पण वर्गणी बंद करून तास परत येत नाहीत. युनियनवर कायद्यानेच जबाबदारी आहे की करारात येणाऱ्या प्रत्येकाची बाजू प्रामाणिकपणे मांडायची, पार्ट-टाइमर असो की फुल-टाइमर. मनमानीने किंवा आकसाने तक्रार दाबली तर युनियनविरुद्धच राष्ट्रीय श्रमसंबंध मंडळाकडे जाता येतं, सहा महिन्यांच्या आत. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये व्हाका विरुद्ध साइप्स खटल्यात हे तत्त्व स्पष्ट केलंय. तो शेवटचा उपाय, पण आहे हे माहीत असावं.

पगारपत्रक | २१ नोव्हेंबर, दुपारी १२:१०

मी टेक्सासमध्ये एका गोदाम कंपनीचा पगार विभाग सांभाळते. म्हणजे टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसते. कंपनी हे का करते ते सांगते, कारण ते कळल्याशिवाय वाद घालता येत नाही.

पहिला संशय सगळ्यांना ३० तासांचा येतो. २०१० च्या आरोग्य विमा कायद्याप्रमाणे आठवड्याला सरासरी ३० तास भरणारा माणूस फुल-टाइम धरतात. ५० किंवा जास्त फुल-टाइम कर्मचारी असलेल्या कंपनीला अशांना विमा देऊ करावा लागतो, नाहीतर दंड. म्हणून कित्येक ठिकाणी पार्ट-टाइमरला २९ वर रोखतात. पण ही सरासरी बहुतेक कंपन्या बारा महिन्यांची काढतात. तुमचं गणित केलं: ४४ आठवडे २० तास आणि ८ आठवडे ३६ तास, सरासरी येते साडेबावीसच्या आसपास. तीसच्या जवळपासही नाही. तेव्हा कोणी मॅनेजर 'विम्याच्या कायद्यामुळे देता येत नाही' म्हणाला तर ते मान्य करू नका.

मला वाटतं कारण दुसरं आहे. तुमच्या करारात आरोग्य निधी आणि पेन्शन निधीचं कलम बघा. बऱ्याच करारांत कंपनी सभासदाच्या प्रत्येक तासामागे निधीत ठरावीक रक्कम भरते. हंगामी माणूस त्यात धरत नाहीत. आकडा सापडला तर इथे टाका.

मिरजकर | २१ नोव्हेंबर, रात्री १०:१५

पगारपत्रक ताई, सापडला. दर तासामागे ६ डॉलर ४० सेंट. म्हणजे माझा एक तास कंपनीला २९.४० ला पडतो आणि हिरव्या जॅकेटवाल्याचा १९.५० ला. नऊ डॉलर नव्वद सेंटचा फरक. चार वर्षं हा करार घरात आहे, हे पान मी कधी उघडलं नव्हतं.

स्टुअर्ड साहेब, मुदत दहा कामाचे दिवस. म्हणजे सोमवारी २४ ला तक्रार दिली तर १० नोव्हेंबरपर्यंतच मागे जाता येईल. ३ तारखेचा आठवडा गेला.

गिरणगावची_नात | २२ नोव्हेंबर, सकाळी १०:३०

मी लालबागची, सध्या मुंबईतच. अमेरिकेतलं मला काही कळत नाही, पण 'नोटीस बोर्डावर नाव लिहून वाट बघायची' हे वाचलं आणि आजोबा आठवले. ते गिरणीत बदली कामगार होते. रोज पाळी सुरू व्हायच्या आधी गेटवर जाऊन उभं राहायचं. कायम माणूस गैरहजर असेल तर आत, नाहीतर डबा तसाच घेऊन घरी. आजी सांगायची, डबा उघडला गेला की नाही यावरून तिला कळायचं की आज काम लागलं का. जुन्या काळी कुणाला आत घ्यायचं ते जॉबर, म्हणजे माणसं भरणारा मुकादम, ठरवायचा आणि त्याबद्दल दस्तुरी घ्यायचा. पुढे बदल्यांच्या याद्या आल्या, कार्ड आली, कारण माणसाच्या मर्जीपेक्षा यादी बरी. पण यादी असली तरी ती नीट चालते का हे कुणीतरी रोज बघावं लागतं.

एक गोष्ट मला खटकते. आमच्या गोष्टीत कायम कामगार आणि बदली कामगार एकाच चाळीत राहायचे, तरी कायमवाल्यांच्या मागण्या आधी यायच्या. शिवाय १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने त्या भागातल्या कापड गिरण्यांसाठी एकच प्रातिनिधिक युनियन मानली जायची. ती नको वाटली तरी वाटाघाटीचा हक्क तिचाच. १९८२ च्या संपात जो राग होता त्यात ही कोंडीही होती. तुमच्याकडे निदान तक्रार करायची वाट लिहून ठेवलीय. ती सोडू नका.

आर्या_ओहायो | २२ नोव्हेंबर, दुपारी ३:४५

मी लिहू की नको असा विचार करत होते. मी सीझनल आहे. कोलंबसजवळ, वेगळी कंपनी, पण काम तेच. एच-४ वर (नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) असताना कामाचा परवाना मिळाला, आधीची नोकरी जूनमध्ये गेली, दोन लहान मुलं. ऑक्टोबरअखेर हे काम मिळालं तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली.

मिरजकर काका, मला खरंच माहीत नव्हतं की माझे चाळीस तास कुणाच्या तरी यादीतून आलेत. आम्हाला कुणी सांगत नाही. पहिल्या दिवशी स्कॅनर हातात देतात, एक व्हिडिओ दाखवतात, तिसऱ्या दिवशी एकटं सोडतात. आमच्याकडे कोण पार्ट-टाइम, कोण कायम, कोण युनियनचं, काहीही कळत नाही. जुने ड्रायव्हर आमच्याशी बोलत नाहीत. का बोलत नाहीत ते आज कळलं.

आणि २४ डिसेंबरनंतर आमचं काय, तेही माहीत नाही. गेल्या वर्षी इथेच काम केलेल्या एकीने सांगितलं, निरोप येत नाही, फक्त ॲपमध्ये शिफ्ट दिसायच्या बंद होतात.

मिरजकर | २२ नोव्हेंबर, रात्री ९:०५

आर्या ताई, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. माझा राग तुमच्यावर नाही. आमच्याकडच्या चौदांमध्ये एक वीस-बावीसचा मुलगा आहे, बाप ट्रकखाली सापडून पाय गमावून बसलाय. त्याच्याकडून मी तास हिसकावावेत असं मला वाटत नाही. पण आधी विचारणा आम्हाला व्हावी असं लिहिलंय, आणि ती होत नाही. उरलेलं काम भरपूर आहे, रोज पार्सल दुसऱ्या दिवसावर जातात.

तुम्ही ॲपचं लिहिलंत त्यावरून एक गोष्ट डोक्यात आली. उद्या बघतो.

कर्वेनगर_रायडर | २३ नोव्हेंबर, सकाळी ९:५०

काका, मी पुण्यात खाण्याच्या ऑर्डरी पोचवतो. दिवाळीच्या आधी आमच्या भागात नवी मुलं भरतात, नव्यांना पहिले काही आठवडे ऑर्डरी जास्त पडतात, आमचा फोन शांत. आमच्याकडे कराराचं पान नाही, सिनिऑरिटीचा कागद नाही, तक्रार कुणाला द्यायची तेही नाही. दहा दिवसांची का होईना, तुम्हाला मुदत आहे. सोमवार चुकवू नका.

मिरजकर | २३ नोव्हेंबर, रात्री १०:३०

मंडळी, जे सापडलं ते ऐका.

आज युनियनची महिन्याची मीटिंग होती. चार वर्षांत पहिल्यांदा गेलो. चाळीसेक माणसं, त्यात पार्ट-टाइमर आम्ही तिघे. चहाच्या वेळी डिस्पॅचमधल्या (गाड्या पाठवणाऱ्या विभागातल्या) एका बाईला मी सरळ विचारलं, नोटीस बोर्डावरचा कागद कोण बघतं? ती म्हणाली, कागद? सप्टेंबरपासून जादा तासांची नोंद ॲपवर आहे. गुरुवारी रात्री बारापर्यंत 'उपलब्ध' असं दाबायचं, सोमवारी वाटप होतं. ज्यांनी दाबलं नाही ते तयार नाहीत असं धरतात. उरलेलं सीझनलना जातं.

मी म्हटलं, आम्हाला कुणी सांगितलं? तिने फोन उघडून दाखवलं. ९ सप्टेंबरची सूचना, ॲपमध्ये चार पडदे आत, इंग्रजीत सहा ओळी. आणि बोर्डावरचा कागद कुणी काढलाच नाही. दर सोमवारी कुणीतरी नवा कोरा कागद लावत राहिलं. अकरा जण त्यावर इमानेइतबारे नावं लिहितोय. पहिल्या नावाचा माणूस बासष्ट वर्षांचा आहे, हैतीचा, त्याच्याकडे साधा बटणाचा फोन आहे.

मिरज डेपोत ड्युटीचा तक्ता भिंतीवर असायचा. त्यात बदल झाला तर वाहतूक नियंत्रक हाक मारून सांगायचा, कारण चुकली ड्युटी तर गाडी उभी राहते. इथे आम्ही उभे राहिलो आणि गाड्या चालत राहिल्या, म्हणून कुणाला हाक मारावीशी वाटली नाही.

जुना_स्टुअर्ड | २३ नोव्हेंबर, रात्री ११:५५

मिरजकर, आता तुमची तक्रार पूर्ण बदलली, आणि मजबूत झाली. 'कामाच्या गरजेनुसार' या शब्दांवर भांडू नका, तो वाद लांबतो आणि लवादाकडे गेला तर कसाही जाऊ शकतो. मुद्दा असा मांडा: नोंदणीची पद्धत कंपनीने एकतर्फी बदलली, नीट कळवलं नाही, जुनी पद्धत चालू असल्याचं दिसू दिलं. कागदाचे फोटो हा तुमचा पुरावा. प्रत्येक सोमवारी लावलेला कोरा कागद हा त्याहून मोठा.

एकट्याने देऊ नका. अकराही जणांच्या सह्या घ्या. आणि आज रात्रीच ॲपवर 'उपलब्ध' दाबा. तक्रार एकीकडे, तास दुसरीकडे.

धाग्यात कुणी यूपीएस या मोठ्या पार्सल कंपनीचं काढलं नाही म्हणून सांगतो, कारण त्यांचा करार सार्वजनिक आहे आणि आपल्या मुद्द्याला लागू आहे. १९९७ च्या ऑगस्टमध्ये टीमस्टर्स युनियनच्या १,८५,००० कामगारांनी तिथे पंधरा दिवस संप केला. संपाचा गाभाच पार्ट-टाइम हा होता. रॉन केरी तेव्हा युनियनचे अध्यक्ष होते. शेवटी पार्ट-टाइम जागा जोडून १०,००० फुल-टाइम जागा करायचं कंपनीने कबूल केलं. मी तेव्हा नवा होतो. आमचा त्या कंपनीशी संबंध नव्हता, तरी आम्ही त्यांच्या गेटवर कॉफी घेऊन जायचो.

२०२३ च्या करारात आणखी एक गोष्ट आली जी मिरजकरांनी आपल्या लोकलला दाखवावी. स्वतःची गाडी वापरून करायच्या हंगामी कामात आधीच्या पार्ट-टाइमरना प्राधान्य, आठ तासांची हमी, आणि ते हंगामी काम नोव्हेंबर-डिसेंबरातल्या पाच आठवड्यांपुरतंच. त्या कराराला ८६.३ टक्के मतं पडली. तिथे सगळं गोड आहे असं नाही. २०२५ मध्ये त्याच कंपनीने २०,००० जागा कमी करायचं जाहीर केलं. पण शब्द कसे लिहायचे ते बघा: 'गरजेनुसार' नाही, पाच आठवडे, आठ तास. आकडा असला की वाद घालायला जागा उरत नाही. तुमचा करार पुन्हा कधी होणार?

मिरजकर | २४ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:१०

२०२७ च्या जुलैत. आज तक्रार दिली. अकरापैकी सात सह्या. दोघांना भीती वाटते, एक सुट्टीवर, एकाने सांगितलं की माझं काही अडत नाही. हैतीच्या काकांनी सगळ्यात आधी सही केली. स्टुअर्डने सुरुवातीला टाळाटाळ केली, फोटो दाखवल्यावर गप्प झाला आणि स्वतः मॅनेजरच्या खोलीत घेऊन गेला. हे मी मुद्दाम लिहितोय. त्याला ॲपचं माहीत नव्हतं. तो फुल-टाइम आहे, त्याला त्या कागदाची गरज कधी पडलीच नाही.

मागणी १० ते २१ नोव्हेंबरच्या तासांच्या भरपाईची. माझे ३२ तास, ७३६ डॉलर.

स्पष्टवक्ता | २४ नोव्हेंबर, रात्री ८:००

काका, वरचं 'वर्गणी बंद करा' मागे घेतो. माझ्या तक्रारीवर सही मी एकट्यानेच केली होती. तेव्हा अजून सहा जणांना विचारायचं सुचलं नाही.

मिरजकर | ६ डिसेंबर, रात्री ११:२०

थँक्सगिव्हिंगनंतरच्या या आठवड्यात ३६ तास लागले. हैतीच्या काकांची नोंद त्यांची नात घरून करते. सगळ्यांसाठी एक टॅबलेट ब्रेकरूममध्ये लावलाय, तो डिस्पॅचच्या त्याच बाईंनी मागून घेतला. बोर्डावरचा कागद काढला. भरपाईबद्दल पहिल्या बैठकीत कंपनीने नकार दिला. म्हणणं असं की सूचना दिली होती. दुसरी पायरी ८ जानेवारीला, तेव्हा लोकलचा बिझनेस एजंट, म्हणजे युनियनचा पगारी अधिकारी, येणार.

हिरव्या जॅकेटवाल्यांपैकी चौघांचे तास कमी झाले. ज्या मुलाबद्दल लिहिलं होतं तो त्यात आहे. मला त्याने विचारलं नाही, मीच सांगितलं की असं असं झालं. तो म्हणाला, ओके. दोन दिवस बोलला नाही. काल गाडी भरताना एक जड खोकं होतं, मी हाक मारली, तर आला.

आर्या_ओहायो | ७ डिसेंबर, सकाळी ७:३०

काका, मीही काल आमच्याकडच्या एका जुन्या पार्ट-टाइम बाईंना विचारलं, तुमचे तास कमी झालेत का? त्या आधी संशयाने बघत राहिल्या. मग म्हणाल्या, आठवड्याला दहा. जानेवारीत आमच्यातल्या कुणाला कायम पार्ट-टाइम घेणार असतील तर अर्ज कधी करायचा, तेही त्यांनीच सांगितलं. कंपनीने नाही.

मिरजकर | १९ डिसेंबर, पहाटे ४:१०

अर्ज भरा, ताई. आणि रुजू होताच युनियनच्या पहिल्या मीटिंगला जा, मी चार वर्षं लावली तशी लावू नका. त्या मुलालाही मी हेच सांगितलंय, आमच्याकडे दोन पार्ट-टाइम जागा फेब्रुवारीत निघतील असं ऐकतोय.

८ तारखेला काय होतं ते कळवतो. भरपाई मिळाली नाही तर मुलीच्या फीचा दुसरा हप्ता लांबवावा लागेल, कॉलेजात बोलून ठेवलंय. पुढच्या करारात पार्ट-टाइमरकडून कुणी समितीत नाही असं कळलं, तर मी नाव दिलं. इंग्रजीची थोडी धास्ती आहे. पगारपत्रक ताई, त्या निधीच्या कलमावर एक पानभर लिहून द्याल का, सोप्या इंग्रजीत? व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

निघतो आता. पाचला ड्युटी आहे, आज आठ तास लागलेत.